धुरावलेला रेनकोट

आषाढ मध्यावर आला होता, आणि डोंगर कुठे संपतो व आकाश कुठे सुरू होते हे सांगणारी रेघ केव्हाच पुसून गेली होती.

कोयनेच्या खोऱ्यात या दिवसांत रंग उरतात ते दोनच. एक हिरवा, एक करडा. हिरवा खाली, करडा वर. आणि दोहोंना टाचून धरणारे शुभ्र जलधारांचे उभे टाके. कड्याकड्यावरून कोसळणारे पाणी, कपारीकपारीतून फेसाळणारे पाणी, शेवाळल्या शिळांवरून घरंगळणारे पाणी. आणि त्या पाण्याचा अखंड, अनावर, अहोरात्र घोष. सूर्य म्हणून काही असतो ही वरची गोठणी या वाडीतल्या माणसांच्या लेखी या महिन्यात ऐकीव गोष्ट असते. निळा रंग तर कुणाला आठवतही नाही.

आणि अशा त्या दोनरंगी, जलभारनत, धूसर जगात एका सकाळी निळा रंग अवतरला. गर्द निळा, लांबच लांब, घोट्यापर्यंत उतरलेला. तो द्वारकाबाईच्या घरातून बाहेर पडला, अंगणात क्षणभर थांबला, आणि चढावरच्या गोठ्याकडे डौलात चालू लागला.

तो द्वारकाबाईचा रेनकोट होता, आणि त्याच्या आत खुद्द द्वारकाबाई होती.

साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या बाईने उभा जन्म पाऊस पाठीवर घेतला होता. कामट्यांचे, पानांनी शाकारलेले, पालथ्या होडीसारखे पाठीवर बसणारे इरले. नाहीतर डोक्यावरून खोळ करून घेतलेली, भिजली की बकरीएवढी जड होणारी घोंगडी. इरल्यातले माणूस वाकूनच चालते. वाकून लावणी, वाकून खुरपणी, वाकून गवत, वाकून शेण. पावसाळा आला की वरची गोठणी कमरेत वाकते आणि थेट दसऱ्याला सरळ होते.

द्वारका परकरी पोर असताना एकदा भर पावसात जंगलखात्याचे कुणी साहेब वाडीत आले होते. अंगात लांब रेनकोट, डोक्यावर टोपी. सगळी वाडी वाकलेली, आणि तो एक माणूस पावसात ताठ उभा! पाऊस त्याच्यावर पडत होता आणि त्याला लागत नव्हता. पोरीने तोंडात बोट घातले ते साहेब दिसेनासे होईपर्यंत काढले नाही. आपल्याला असा कोट हवा, असे तिच्या मनाने त्या दिवशी घेतले. पण मनाने घेतलेल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, निदान बायकांनी तरी नाही, हेही तिला तेव्हाच ठाऊक होते. लग्न झाले, लेक झाली, कुंकू पुसले गेले, केस पिकले. इच्छा मात्र होती तशीच राहिली.

कोट आणला तो लेकीने. सारिका साताऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. नवरा, मुलगा, दोन खोल्यांचे घर, आणि रात्रंदिवस जिवाला लागलेला आईचा घोर. गेल्या श्रावणात द्वारकाबाई भिजून भिजून न्यूमोनियाने आडवी झाली होती. डोलीतून खाली, तिथून गाडीतून साताऱ्याला. सारिकाने कितीतरी रात्री आईच्या उशाशी बसून काढल्या. त्या रात्रींची भीती तिच्या डोळ्यांतून अजून गेलेली नव्हती.

म्हणून ज्येष्ठात येऊन तिने तो कोट आईच्या मांडीवर ठेवला. घडी उलगडली आणि घरात नवा, उग्र, कोऱ्या रबराचा वास दरवळला. बाहेरून तुळतुळीत निळा, आतून चौकटीच्या सुती कापडाचा. पितळी बटणे. झाकणाचे खिसे. मागे टोपडे. द्वारकाबाईने त्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि पदराने हात पुसून परत फिरवला.

“आये, नीट ऐक,” सारिका म्हणाली. “हा अंगात असंल तरच गोठ्यात जायचं. भिजलीस आन् परत खोकला ऐकला, तर म्हस इकली म्हणून समज. मंग तू आन् मी साताऱ्यात. ह्या डोंगरात तुला एकटीला मी ठेवायची न्हाई.”

“घालीन की गं. न घालून काय देव्हाऱ्यात ठिवू?” द्वारकाबाई हसत म्हणाली.

पण लेक बोलली ते खरे करते हे तिला पक्के माहीत होते. आणि काजळी, तिची म्हैस, गेली तर आपल्यात उरते काय, हेही तिला माहीत होते. घर म्हणजे चार भिंती. पण पहाटे आपली वाट बघत कुणीतरी हंबरते म्हणून माणूस उठते. काजळी होती म्हणून द्वारकाबाई उठत होती.

तर असा तो कोट, आणि अशी ती अट.

पहिल्या दिवशी ती कोट घालून अंगणात उभी राहिली तेव्हा पाऊस तिच्यावर धावून आला. नेहमीच्या ओळखीने, नेहमीच्या हक्काने आला, आणि घसरला. खांद्यावरून घसरला, बाहीवरून घसरला, पाठीवरून ओघळून मुकाट मातीत गेला. टोपड्यावर थेंब वाजत होते आणि आत ती कोरडी होती, ऊबदार होती, एकटी होती. माहेर बापाचे होते, सासर नवऱ्याचे. हे एवढे निळे, बटणांचे घर तिचे एकटीचे होते. तिने मान वर केली. ती ताठ उभी होती. तिला हसू आले आणि लगेच रडूही आले, आणि पावसात कोण बघतेय म्हणून तिने दोन्ही होऊ दिले.

बघत होती शेजारची शालन. वाडीतली सर्वांत सैल जिभेची सून. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे आणि तोंडात बातमी टिकत नसे.

“अगं बया! द्वारकाआत्ती व्हय? मला वाटलं तालुक्याचं सायब आलं पंचनाम्याला!”

“पंचनामा तुझ्याच घरापासनं सुरू करणार हाय. च्या टाक आधी!”

दुपारपर्यंत सगळ्या वाडीने कोट बघून घेतला. कुणी बटण ओढून पाहिले, कुणी खिशात हात घालून पाहिला. शालनने तर लोटाभर पाणी द्वारकाबाईच्या पाठीवर ओतून खात्री करून घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका जिवाने मात्र मान डोलावली नाही, आणि नेमके त्याच जिवापाशी सारे अडत होते.

काजळी नुकतीच व्यालेली. भरल्या कासेची, ओल्या डोळ्यांची, कृष्णशिळेसारखी चकचकीत. गोठ्याच्या दारात तो निळा, लांब, कोऱ्या रबराच्या वासाचा प्राणी उभा राहिलेला पाहून तिने नाकपुड्या फुलवल्या, मान झटकली, दावे ताणले. द्वारकाबाईने हाक मारली. आवाज ओळखीचा, वास परका. काजळीने वासावर विश्वास ठेवला.

पारडू सोडले, कास धुतली, थाप मारली, लाडीगोडी केली. एक थेंब नाही. पान्हा चोरून ती म्हैस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईने कोट दाराशी काढून ठेवला. काजळी दाराकडे बघत राहिली; दूध नाही. तिसऱ्या खेपेला तो बाहेर मेढीच्या खांबाला टांगला. वारा आत आला, वास आत आला, दूध आले नाही. मग तिने हात राखेने घासले, लुगडे बदलले. पण कोटात शिरलेल्या अंगाला कोटाचा वास लागायचाच, आणि गरम दगडासारखी तटतटलेली कास हाताखाली दुखून थरथरायची. आता आणखी दिवस गेले तर सड नासतील, हे सांगायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

“ह्या रबराला भितीस आन् माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसत न्हाई व्हय गं तुला?” ती म्हशीच्या कानात म्हणाली. काजळीने कान फडफडवला.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई जुने इरले पाठीवर घेऊन गोठ्यात गेली. वाटेतच कमरेखाली चिंब भिजली. काजळीने तिला हुंगले, एक दीर्घ, समाधानाचा निःश्वास टाकला, आणि दुधाच्या धारा चरवीत वाजू लागल्या.

मग रोज तेच. सकाळी इरले, सांजेला इरले. आणि निळा कोट घरात, घडीवर घडी, कोरडाच्या कोरडा. फोन येई. “कोट घालतीस न्हवं?” “घालती की!” आणि मग तोंडाशी आलेला खोकला दाबायला ती फोनवर पदर धरी. खोटे बोलायची सवय नसलेल्या बाईला ते फार जड जात होते. पण खरे बोलले तर लेक म्हैस विकणार, आणि न भिजता राहावे तर म्हैस आटणार. खोकला एक होता, आणि तो दोन्हीकडून तिला घेरत होता.

विचार करता करता एक दिवस तिला वाटले, दोष कोटाचा नाही. दोष त्याच्या कोरेपणाचा.

आणि कोरेपणावरचा उपाय तर वाडीतले शेंबडे पोरही सांगेल. या डोंगरात नवी वस्तू आधी धुराची होते, मग माणसाची. नवे इरले असो, नवी घोंगडी असो, नवी टोपली असो, ती प्रथम चुलीवर टांगलेल्या कामट्यांच्या मांडवावर चढते. खालून भाकरीची आच, शेणीचा धूर. आठवड्याभरात पान चिवट होते, लोकर घट्ट होते, किडीला कडू आणि माणसाला आपले होते. आजीने तसेच केले, आईने तसेच केले, तिने स्वतः उभ्या जन्मात तसेच केले. त्यात चुकण्यासारखे काही आहे हे तिच्या स्वप्नातही आले नाही.

तिने कोटाची नीट घडी घातली, चुलीवरच्या मांडवावर ठेवली, खाली चांगले जाड ओंडके सारले, आणि गवताला गेली.

भारा घेऊन ती परत आली तेव्हा दारातच तिला तो वास आला. जळका, गोडसर, गळ्याशी येणारा.

भारा तिथेच पडला. तिने मांडवावरून कोट ओढला. निळे अंग विरघळून मऊ झाले होते. घडीला घडी चिकटली होती, बाहीला पाठ चिकटली होती, टोपडे मिटले होते. ती घाईघाईने घड्या सोडवू लागली तसतसा निळा पापुद्रा करकरत निघाला, काही तिच्या बोटांना लागला, काही चुलीत पडला आणि धूर होऊन गेला. खालची कड तर कुरतडल्यासारखी झाली.

द्वारकाबाई चुलीसमोर मटकन बसली. तिला रडू फुटले. कोटाचे रडू नव्हते ते नुसते. लेकीने पोटाला चिमटा घेऊन आणलेली माया आपल्या हाताने चुलीवर भाजली, याचे ते रडू होते. बाहेर पाऊस रडत होता, आत बाई रडत होती, आणि दोघांनाही थांबवणारे कुणी नव्हते.

रडून झाल्यावर ती उठली. चिकट झालेल्या वस्तूला या घरात एकच औषध होते. शेणीची राख तिने चाळणीने चाळली, मऊ, पिठीसारखी. आणि कोट मांडीवर घेऊन ती राख त्याला चोळू लागली. तान्ह्याला तेल चोळावे तशी. पाठीला चोळली, बाह्यांना चोळली, टोपड्याच्या सुरकुतीसुरकुतीत चोळली. दुसऱ्या दिवशी चोळली, तिसऱ्या दिवशी चोळली. चिकटपणा हळूहळू ओसरला, सोललेल्या जागी राख मुरून घट्ट बसली. कोट मोकळा झाला. पण तुळतुळीतपणा गेला तो गेलाच. निळ्यावर करडी झाक आली, जणू खोऱ्याने त्यालाही आपल्या रंगात ओढून घेतले.

लेकीला तोंड कसे दाखवायचे? तिने कोट चुलीमागच्या खुंटीवर, आपल्या जुन्या घोंगडीच्या आड टांगला. पुन्हा घालून बघायची तिची छाती झाली नाही. इरले घ्यायचे, भिजायचे, खोकायचे, आणि फोनवर पदर धरायचा, एवढेच चालू राहिले.

श्रावण आला. करड्या ढगांना कुठे कुठे सोनेरी काठ फुटू लागले; ऊन कड्यावर क्षणभर टेकायचे, लाजून निघून जायचे, मागे सर धावत यायची. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. सारिका आली ती भर सरीत, छत्री मोडून, चपला हातात घेऊन. आणि उंबऱ्यातच तिला आईचा खोकला ऐकू आला.

द्वारकाबाई चुलीपाशी घोंगडीत होती. कपाळ तापलेले, ओठ सुकलेले. सारिकाने पिशवी ठेवली, कान आईच्या पाठीला लावला, आणि बराच वेळ ऐकत राहिली. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“कोट कुठाय?”

द्वारकाबाईने मान खाली घातली. मग सारे सांगितले. म्हैस, वास, इरले, चूल, राख. काही लपवले नाही. लपवून लपवून ती थकली होती.

“आन् मला फोनवर खोटं बोलत हुतीस.”

“व्हय.”

“गेल्या साली तुझा हात हातात धरून बसले हुते मी, आये. तुझा श्वास मोजीत.” सारिकाचा आवाज फुटला. “मला न्हाई जमायचं परत. म्हस इकायची. उद्याच सांगावा धाडते व्यापाऱ्याला.”

द्वारकाबाईने चुलीत एक शेणी सारली. चुलीतला जाळ तिच्या डोळ्यांत हलत होता. लेक चुकत नव्हती, हेच तर दुःख होते.

तेवढ्यात चढावरून काजळी हंबरली. धारेची वेळ झाली होती. द्वारकाबाई सवयीने उठली, भिंत धरून उभी राहिली, आणि खोकल्याच्या उबळीने पुन्हा खाली बसली.

“बस तू. मी काढते धार.”

“तुला न्हाई दियाची गं ती. लाथ मारील.”

“मारू दे!” सारिका तणतणली. तिने चरवी घेतली, दाराशी गेली. बाहेर पाऊस दगडासारखा कोसळत होता. ती परतली, चुलीमागच्या खुंटीवर जे हाताला लागले ते ओढले, बघितले, नाक मुरडले, आणि नुसते भिजू नये म्हणून तो करडा-निळा, धुरकट, कुरतडल्या कडेचा कोट अंगात घातला. टोपडे ओढले. गेली.

द्वारकाबाई सरपटत उंबऱ्याशी आली. तिथून गोठ्याचे दार दिसत होते, आतले काही दिसत नव्हते. पावसाचा पडदा हलत होता. तिने कान लावला. म्हैस उधळल्याचा आवाज येईल, चरवी आपटल्याचा येईल, लेकीची किंकाळी येईल. काहीच आले नाही. नुसते पाणी, पाणी, पाणी. तिने देवाचे नाव घेतले, मग काजळीचे घेतले. कुणाला काय मागावे हे तिला सुचेना. लेकीला लाथ लागू नये एवढे मागितले. आणि मग, चोरून, दूधही मागितले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. गोठ्याच्या दारातून कोट बाहेर आला. एक हात चरवीवर, चरवी कोटाच्या आत, पाऊल निसरड्या वाटेवर जपून. द्वारकाबाई बघत राहिली. चाल तिची होती. खांदा थोडा डावीकडे झुकवायची खोड तिची होती. पावसातून, उतारावरून, दूध घेऊन द्वारकाबाईच घरी येत होती.

कोट आत आला, टोपडे मागे पडले, आणि आतून सारिका निघाली. गाल ओले. ते पावसाने नव्हते, कारण कोटाने पाऊस आत येऊ दिला नव्हता.

“आये,” ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यात आईशेजारी बसली. “चाटीत हुती मला.”

“कोण?”

“काजळी. ह्या बाहीला हुंगलं, आन् चाटायलाच लागली. पारडाला चाटती तशी. मी हात लावायच्या आधी पान्हा सोडला तिनं. मला वळखलं न्हाई गं. तिला वाटलं, तूच आलीस.”

चरवी काठोकाठ भरली होती. दुधावरचा फेस अजून विरत होता. द्वारकाबाईने कोटाची बाही नाकाशी नेली. रबर नव्हतेच आता. धूर होता, शेणीची राख होती, घोंगडीची लोकर होती, भाकरी होती. आणि तिला स्वतःला कधी कळला नव्हता तो, तिचा स्वतःचा वास होता.

दोघी हसल्या. हसता हसता द्वारकाबाईला खोकला आला, आणि सारिकाने तिची पाठ चोळली.

“मंग,” द्वारकाबाईने भीत भीत विचारले, “व्यापाऱ्याला सांगावा?”

सारिकाने ओला कोट खुंटीवर टांगला. बाह्या सारख्या केल्या. “म्हस इकली तर ह्या कोटाला चाटायचं कुणी?” ती म्हणाली. मग वळून, आवाज कठोर करून, “पण तू माझ्यासंगं चालायचं. छाती साफ होईस्तवर साताऱ्यात ऱ्हायचं. काय न्हाई-फिन्हाई ऐकायची न्हाई मी.”

“आन् धार?”

“ती कोटाला देती ना? मंग कोट हितंच ऱ्हाईल. फकस्त आत एक माणूस पायजे.”

ते माणूस शेजारीच होते. सकाळी शालनला कोटात घालण्यात आले. तिचा जीव खालीवर.

“आत्ती, लाथ मारली तर माझ्या पोरांकडं बघा हं!”

“लाथ न्हाई मारायची. पण तोंड बंद ठेव. तुझा आवाज निघाला की ती वळखंल.”

धार निघेपर्यंत शालन गप्प राहिली. वरच्या गोठणीच्या इतिहासात असे पूर्वी घडल्याचे कुणाला आठवत नाही. गाल फुगवून, ओठ मिटून, डोळे वटारून ती काजळीखाली बसली. म्हशीने बाही हुंगली, खिसा हुंगला, एकदा शंकेने टोपड्यात डोकावल्यासारखे केले. आणि मग डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी राहिली. दूध वाजू लागले. शालन बाहेर आली ती श्वास सोडून, आणि दाबून ठेवलेले सगळे तिने एका दमात बोलून टाकले. तोवर अर्धी वाडी जमा झाली होती. आता खालच्या घरच्या सुनेला आत बसवून बघू, आता तुम्ही बसा, असा एकच गलका झाला.

काजळी द्वारकाबाईची होती, आणि ती द्वारकाबाईलाच दूध देत होती. फक्त द्वारकाबाईला आता आजारी पडण्याची सवड मिळाली होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

उतरत्या दुपारी ती निघाली. आदल्या संध्याकाळपासून लेक औषध देत होती. ताप थोडा उतरला होता. ती गोठ्यात जाऊन काजळीच्या कपाळावर हात ठेवून आली. “येती गं मी. तवर माझ्याशी नीट वाग,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते उतारावर आल्यावर तिच्या ध्यानात आले.

एसटी खोऱ्याच्या कडेकडेने वळत निघाली. सारिका शेजारी, आईचा हात तिने हातात घेतला होता, पण श्वास मोजत नव्हती. काचेवर वाफ धरली होती. समोरच्या डोंगराचे वळण आले तसे द्वारकाबाईने पदराने काच पुसली.

पलीकडे, दरीच्या त्या अंगाला, वरची गोठणी होती. हिरव्यात हिरवी, करड्यात करडी, ओली, इवलीशी. सर चालून येत होती. सरीच्या पाठीवर मावळतीचे एक तिरपे ऊन होते. आणि त्या उन्हातून, त्या सरीतून, चढाच्या वाटेने एक निळसर, लांब आकृती गोठ्याकडे चालली होती. हातात चरवी. पाऊल सावकाश. धारेची वेळ झाली होती, आणि द्वारकाबाई धारेला निघाली होती.

“आये, काय बघतीस?”

“काय न्हाई,” ती म्हणाली. “मी पोचले का बघती.”

गाडी वळली. दरी भरून पाणी वाजत राहिले. वर तीच चालली होती, खाली तीच चालली होती. आणि दोघींच्या मधोमध, दोघींतल्या कुणालाच न भिजवता, पाऊस पडत होता.